बाई म्हणाल्या, बसा

आगासकर बाईंना मैदानात बसलेलं मी कधी पाहिलं नाही. दुपारी साडेचारला त्या डिलाईल रोडच्या आमच्या मैदानात यायच्या आणि दिवेलागणीला एकेकीला तिच्या चाळीच्या जिन्यापर्यंत पोचवून ट्रामने गिरगावात परत जायच्या. तेवढा सगळा वेळ त्या उभ्या. कुणी स्टूल आणून ठेवलं तर त्यावर त्या आपली पिशवी ठेवायच्या. त्या पिशवीत आयोडीनची बाटली, पट्ट्या, निलगिरीचं तेल आणि आल्याच्या वड्या असत.

"बाई, जरा टेका ना," असं मी एकदा म्हटलं.

"बसायचं काम तुमचं," त्या म्हणाल्या.

खो-खो पाहायला आलेल्या माणसाला पळणाऱ्या मुली दिसतात. बाईंचं लक्ष बसलेल्या आठजणींकडे असायचं. एका रांगेत, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, अशा उकिडव्या बसलेल्या आठजणी. नववी पाठलाग करते. ती दमली किंवा तिला वाट उरली नाही की ती बसलेलीच्या पाठीवर हात मारून 'खो' म्हणते. मग ती बसलेली उठते आणि पळते. पाठीवर हात पडून 'खो' ऐकू येईपर्यंत उठायचं नाही. खेळाचा हा नियमच आहे, पण बाईंनी त्याचं व्रत करून टाकलं होतं.

"समोर काय दिसतंय त्यावरून उठायचं नाही," त्या सांगायच्या. "डोळे फसतात. पाठ फसत नाही."

बाई तेव्हा पंचेचाळिशीच्या असाव्यात. उंच, सडपातळ. बारीक काठाची पांढरी साडी, पदर खोचलेला आणि पायात कॅनव्हासचे बूट. साडीखाली बूट पाहून रस्त्यावरची माणसं हसायची. बाईंना ते ठाऊक होतं. त्या हसणाऱ्याकडे थांबून बघायच्या, तो हसायचा थांबेपर्यंत. लालबागच्या एका मुलींच्या शाळेत त्या ड्रिल शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर आमच्या मंडळाचा संघ घ्यायच्या. लग्न केलेलं नव्हतं. गिरगावात भावाकडे राहायच्या. घर जुन्या प्रभू मंडळींचं, शिसवी फर्निचरचं. दिवाळीत एकदा त्यांनी आम्हां सगळ्यांना तिथे शिंगड्या, म्हणजे त्यांच्याकडच्या करंज्या, खायला बोलावलं होतं. आम्ही जिना चढत असताना त्यांच्या वहिनींचा आवाज आला, "आल्या वाटतं मनूच्या गिरणगावातल्या पोरी." मनू म्हणजे आमच्या बाई. त्यांनी तो ऐकला होता. त्या दिवशी त्यांनी आम्हाला पहिल्यांदा पानं वाढली आणि घरच्यांना मागून.

संघात मी आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. टायपिंगचा क्लास संपवून नोकरी शोधत होते. माझे वडील गिरणीच्या ऑफिसात कारकून. मुलगी विजार घालून मैदानात पळणार हे त्यांना पसंत नव्हतं. बाई आमच्या खोलीवर आल्या. तिथेही दारातच उभ्या राहिल्या.

"चाळीत शंभर माणसं बघतात, बाई," वडील म्हणाले.

"बघू देत. वाईट खेळली तर लाज वाटून घ्या."

"आणि काही इजा झाली, म्हणजे?"

"मी तिथे असेपर्यंत तुमच्या मुलीच्या केसाला धक्का लागणार नाही. लिहून हवं असेल तर देते."

वडील ओशाळले आणि हो म्हणाले. पुढे मला समजलं की बाई प्रत्येक मुलीच्या घरी गेल्या होत्या आणि प्रत्येक घरात त्यांनी हेच सांगितलं होतं. इंदूच्या घरीसुद्धा.

इंदू आमच्या समोरच्या चाळीतली. वडील गिरणीच्या साचेखात्यात, मागावर; आई घरी सहा-सात गिरणीकामगारांचं जेवण करायची. माणसं मालवणकडची. इंदूसारखी पळणारी मी नंतरही पाहिली नाही, पण बाईंचा जीव तिच्या पळण्यावर नव्हता, तिच्या बसण्यावर होता. एका संध्याकाळी सराव चालू असताना एक गांधीलमाशी तिच्या मानेवर येऊन बसली. इंदूच्या शेजारच्या चौकोनात मी होते, मान वळवली की मला ती स्पष्ट दिसत होती. माशी मानेवरून केसांत गेली, परत खाली आली. इंदूने हात उचलला नाही की मान हलवली नाही. माशी चावली तेव्हा तिच्या खांद्यांतून एक शहारा गेला, बस. पाठीवर खो पडल्यावरच ती उठली, पळाली, एक गडी बाद केला आणि मग रडली.

बाईंनी तिच्या मानेला आयोडीन लावलं. बाटलीला बूच लावायचंसुद्धा त्या विसरल्या. "पाहिलंत?" त्या आम्हाला म्हणाल्या. "याला बसणं म्हणतात."

पुढे कितीतरी दिवस त्या ही गोष्ट इतर संघांच्या मुलींना, शाळेतल्या शिक्षिकांना, ट्रामच्या कंडक्टरलासुद्धा सांगत होत्या. त्या सांगायला लागल्या की मी दर वेळी काहीतरी निमित्त काढून बाजूला व्हायचे. ते कौतुक माझ्या वाट्याला आलं नाही म्हणून असेल, असं तेव्हा वाटायचं.

कारण माझी खोड उलटी होती. मी नेहमी आधी उठायचे. शिवाजी पार्कला एक सामना आम्ही माझ्यामुळे हरलो. शेवटचं मिनिट, समोरून गडी चाललेला, पाठीमागे पावलं वाजलेली, आणि मी हात पडण्याआधीच उठले. पंचांची शिट्टी झाली. परतताना बाई माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिल्या. ट्रामच्या स्टॉपवर म्हणाल्या, "सुमन, तू म्हणतेस तुला घाई होते. ती घाई नव्हे, भीती आहे. तू आपल्या माणसावर भरवसा ठेवत नाहीस."

"मग मला कप्तान का केलंत?"

"म्हणूनच केलं. नऊजणींचा भार डोक्यावर आला की बसशील."

त्यानंतरच्या हिवाळ्यात गिरणगावाचं रूप पालटायला लागलं. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही, असं दिल्लीत चाललंय, ही बातमी नाक्यानाक्यावर होती. चाळींच्या भिंतींवर गेरूने घोषणा आल्या. पाळी सुटली की माणसं घरी न जाता नाक्यावर थांबायची आणि फारसं न बोलता उभी राहायची. ते न बोलणंच वाईट होतं. दुकानदार फळ्या अर्ध्याच उघडायचे. दुपारी पोलिसांच्या लॉऱ्या एकामागून एक जायच्या आणि त्या गेल्यावर रस्त्यावर इतकी शांतता व्हायची की चाळीतल्या पाट्या-वरवंट्याचा आवाज मैदानात ऐकू यायचा. नोव्हेंबरात फोर्टाकडे गोळी चालली होती. आता आपल्याकडे कधी, एवढंच माणसं एकमेकांना विचारत होती.

बाईंनी सराव एक दिवसही चुकवला नाही. पुढल्या रविवारी मोठा सामना होता. तो होणार की नाही हेच नक्की नव्हतं, पण बाई त्यावर बोलू द्यायच्या नाहीत. त्यांचा संयुक्त महाराष्ट्राला विरोध होता असं नाही. शाळेत त्या मागणीच्या निवेदनावर त्यांनी सहीसुद्धा केली होती. पण गर्दीची त्यांना चीड होती.

"सगळ्यांना एकदम काहीतरी कळतं ना," त्या म्हणायच्या, "तेव्हा कुणालाच काही कळलेलं नसतं."

सोमवारी ट्राम अर्ध्या वाटेत बंद पडल्या, तर त्या सकाळी भायखळ्यापासून चालत शाळेत आल्या आणि साडेचारला मैदानात होत्या. मंगळवारी सकाळी परळ नाक्यावर दगडफेक झाली, अश्रुधूर सुटला. दुपारी मी त्यांना गाठायला शाळेच्या फाटकाशी गेले.

"बाई, आजचा सराव नको. मुलींच्या घरचे घाबरलेत."

"कुणाच्या घरचे?"

"सगळ्यांच्याच."

"की कप्तान घाबरली आहे?"

आज विचार करते तेव्हा वाटतं, मी तेव्हा हो म्हणायला हवं होतं. हो बाई, मी घाबरले आहे, असं सरळ म्हटलं असतं तर कदाचित त्यांनी ऐकलं असतं. पण मला त्यांच्यासमोर भित्री ठरायचं नव्हतं. मी मैदानात गेले, आणि मी गेले म्हणून बाकीच्या आल्या.

आमच्या मैदानाला एका बाजूला चाळ होती आणि दुसऱ्या बाजूला, रस्त्याकडे, मोडकं तारेचं कुंपण आणि फाटक; टोकाला एक भिंत. त्या दिवशी चाळीच्या गॅलऱ्या रिकाम्या होत्या. एरवी आमचा खेळ बघायला तिथे माणसं कठड्याला चिकटून उभी असायची. दोऱ्यांवर कपडे वाळत होते, पण ते काढायला कुणी बाहेर येत नव्हतं. बाईंनी नेहमीसारखं एकेकीचे गुडघे अंगठ्याने दाबून पाहिले आणि आम्हाला बसवलं. खेळ सुरू झाला. पाचएक मिनिटं झाली असतील, नाक्याकडून आरोळी आली. मग काच फुटल्याचा आवाज, मग दुसरी आरोळी, जवळ. हवेत झोंबरा वास आला आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"सगळ्या रांगेत बसा," बाई म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "डोकी खाली घाला. कमरेची ओढणी सोडून तोंडाला लावा."

आम्ही आपापल्या चौकोनात बसलो. माझ्या शेजारी इंदू. इतक्यात तळमजल्यावरचं एक दार उघडलं आणि बागवेकाकी ओरडल्या, "पोरींनो, आत या! धावा, आत या लवकर!"

दार फार तर पन्नास पावलांवर होतं.

"कुणी उठायचं नाही!" बाईंचा आवाज चढला. "गोळी धावत्या माणसावर सुटते. बसलेल्या मुलींना कुणी काही करणार नाही. बसा!"

मी बसले होते. खरंच बसले होते. मग कुंपण करकरलं आणि पंधरा-वीस माणसं तारा तुडवत मैदानात घुसली, आमच्या रांगेच्या दोन्ही बाजूंनी पळत गेली. त्यांच्यामागे रस्त्यावर बूट वाजत होते. मी उठले. कुणी सांगितलं नाही, कुणी हात लावला नाही. उठले आणि पळाले. कप्तान उठली म्हणून बाकीच्या उठल्या.

मी इंदूच्या पाठीमागून गेले. इतक्या जवळून की माझी ओढणी तिच्या खांद्याला लागली. पाठीवर हात टेकवला असता तर ती उठली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यानंतर मात्र रोज सुचत आलं आहे.

मी बागवेकाकींच्या दारात पोचले तेव्हा फटाक्यासारखे दोन आवाज झाले. मग आणखी एक. वळून पाहिलं तर मैदानात दोघीच होत्या. बाई उभ्या होत्या, आमच्याकडे तोंड करून, हात वर केलेला, अजून ओरडत होत्या. आणि इंदू आपल्या चौकोनात पुढे वाकली होती. मला वाटलं, डोकं खाली घाल म्हटलंय म्हणून वाकली.

गोळी कुणी झाडली, कुणासाठी झाडली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. इंदूला बाईंनी एकटीने उचललं आणि खांद्यावर घेऊन त्या चाळीच्या बोळातून धावत सुटल्या. इस्पितळात पोचेपर्यंत इंदू गेली होती.

त्यानंतरचे चार दिवस संचारबंदीत गेले. मुली दोन-दोन, तीन-तीनच्या गटात एकमेकींच्या खोल्यांतून भेटत होत्या आणि कुणी न ठरवता एक गोष्ट ठरून गेली होती. आम्ही सगळ्या पळालो, पळताना इंदूला गोळी लागली. असंच सांगायचं. बाईंचं नाव येऊ द्यायचं नाही. मुख्य म्हणजे, दारातून कुणी हाक दिली नाही, कुणी बसायला सांगितलं नाही.

संचारबंदी उठली त्या सकाळी बाई इंदूच्या घरी गेल्या. मी बरोबर होते. खोलीत बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. इंदूची आई भिंतीला टेकून होती. तिने बाईंकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "बाई, सगळी पोरां उठली. माझा चेडू उठूक नाय कित्याक?"

म्हणजे सगळ्या उठल्या आणि इंदूच उठली नाही, हे कुणीतरी गॅलरीतून, फटीतून पाहिलं होतं. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते. बाईंनी माझा दंड धरला.

"मी तिला बसायला सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "तिने माझं ऐकलं."

इंदूच्या आईने बाईंकडे पाहिलं. मग गुडघ्यात तोंड घातलं.

हे एवढ्यावर थांबलं असतं. पण पुढल्या आठवड्यात चाळीच्या पटांगणात शोकसभा झाली. संघाच्या फोटोतून इंदूचा चेहरा मोठा करून त्याला हार घातला होता. वक्ते एकामागून एक बोलत होते. एकाने सांगितलं की ही मुलगी महाराष्ट्रासाठी मोर्चात पुढे होती आणि तिने छातीवर गोळी झेलली. माणसं रडत होती, घोषणा देत होती. पहिल्या ओळीत इंदूचे वडील बसले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांची मान ताठ दिसत होती.

बाई मागे उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला. "गोळी पाठीत होती," त्या म्हणाल्या.

घोषणा थांबल्या.

"ती मोर्चात नव्हती. ती खेळायला आली होती. मी बसायला सांगितलं म्हणून ती बसली आणि तशीच मारली गेली. मेल्यानंतर तरी तिच्याबद्दल खोटं सांगू नका."

"बाई, ही बोलायची वेळ आहे का?" व्यासपीठावरून कुणीतरी ओरडलं.

"मग कधी बोलू?"

गर्दीत गुरगुर सुरू झाली. कुणीतरी बाईंच्या खांद्याला धक्का दिला. तेवढ्यात इंदूचे वडील उठले आणि गर्दीतून वाट काढत बाईंच्या समोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, ते हात उगारतात. ते फक्त म्हणाले, "बाई, येवढा तरी आमच्याकडे ठेवूचा होता."

बाईंचा वर केलेला हात तेव्हा खाली आला.

त्या खरं बोलल्या, हे बरोबर झालं की चूक, यावर मी पुष्कळदा माझ्याशीच भांडले आहे. कधी वाटतं, मुलीच्या बापाकडे उरलेलं ते शेवटचं त्यांनी स्वतःच्या मनाच्या शांतीसाठी काढून घेतलं. कधी वाटतं, इंदूची बाजू घेणारं तिथे दुसरं कुणीच नव्हतं. एवढं मात्र नक्की की मी त्या सभेत होते, मला सगळं ठाऊक होतं आणि मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या भिंतीवर डांबराने लिहिलेलं दिसलं, 'सरकारची बाई'. शाळेने त्यांना काही महिने रजेवर जायला सांगितलं. आमच्या घरच्यांनी आम्हाला मैदानाकडे फिरकायची बंदी केली. बाई मात्र साडेचारला यायच्या. मी गॅलरीतून बघायचे. पिशवी खांद्याला लावून त्या रिकाम्या मैदानात उभ्या असायच्या, त्या भिंतीकडे तोंड करून. मुलं लांबून खडे मारायची. एक खडा त्यांच्या कपाळाला लागला तेव्हा त्यांनी पिशवीतून आयोडीन काढलं, स्वतःच लावलं आणि परत उभ्या राहिल्या. दिवे लागले की निघून जायच्या. कुणाला जिन्यापर्यंत पोचवायचं नव्हतं, तरी त्याच वेळेला.

पावसाळा सरल्यावर दुसऱ्या गल्ल्यांतून नऊ-दहा नव्या मुली आल्या. मलाही एव्हाना नोकरी लागली होती, घरचे पूर्वीसारखे अडवत नव्हते. मी बाईंच्या हाताखाली जायला लागले. आणि थोड्याच दिवसांत मला त्यांची भीती वाटायला लागली.

त्या मुद्दाम चुकीचं सांगायच्या. उठायची वेळ असताना "बस!" म्हणायच्या, बसायच्या वेळी "पळ!" जी ऐकेल तिला बाहेर काढायच्या. "मी सांगितलं म्हणून केलंस? तुझं डोकं कुठे होतं?" मग कुणी ऐकलं नाही तर क्षणभर त्यांचा चेहरा उजळायचा आणि लगेच काळवंडायचा, कारण न ऐकणाऱ्या नऊ मुलींचा संघ होत नाही. आम्ही सगळे सामने हरलो. मुली चौकोनात बसल्या की त्यांची नजर भिरभिरत राहायची. बाई पाठीमागून जवळ आल्या तरी दचकायच्या.

एका दुपारी त्यांनी सगळ्यांना ओळीने उभं केलं. "समोरच्या भिंतीकडे पळत सुटायचं," त्या म्हणाल्या. "मी सांगेपर्यंत थांबायचं नाही."

"बाई," मी म्हटलं, "हे नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मुली पळाल्या. भिंत जवळ आली तशा एकेक थांबल्या. लीला नावाची चौदा-पंधरा वर्षांची मुलगी थांबली नाही. शेवटच्या क्षणी तिने हात पुढे केले एवढंच. हाड मोडल्याचा आवाज मी उभी होते तिथवर आला.

बाई तिच्याजवळ जाऊन गुडघ्यांवर बसल्या. हो, बसल्या. लीलाचा हात मांडीवर घेऊन त्या विचारत होत्या, "का थांबली नाहीस? भिंत दिसत नव्हती तुला? सांग ना, दिसत नव्हती?"

"दिसत होती," लीला हुंदके देत म्हणाली. "पण बाई, तुम्ही म्हणालात ना."

बाईंनी तिचा हात लाकडाच्या पट्टीला बांधला. तिला घरी सोडून आम्ही परतलो, तेव्हा मैदान रिकामं झालं होतं. बाईंनी खांद्यावरची पिशवी काढून माझ्या हातात दिली.

"उद्यापासून तू घे."

"मला जमणार नाही, बाई."

"जमू नये. जमतंय असं वाटलं की सोडून दे." मग त्यांनी विचारलं, "त्या दिवशी मी ओरडत होते. तुला ऐकू आलं होतं ना?"

मी वर्षभर सगळ्यांना सांगत आले होते की गोंधळात ऐकू आलं नाही.

"आलं होतं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. पुढचा प्रश्न त्या विचारतील म्हणून मी थांबले. इंदूच्या पाठीमागून गेलीस, मग हात का नाही लावलास? पण तो त्यांनी विचारला नाही. त्यांना तो सुचला नसेल असं मला वाटत नाही. त्या चालत फाटकापर्यंत गेल्या आणि तिथून वळून म्हणाल्या, "लीलाच्या घरी जात जा अधूनमधून."

पुढे पुष्कळ वर्षं मी मुलींचे संघ घेतले. बसलेल्या मुलीने सांगितल्याशिवाय उठू नये, हे मीही शिकवलं. त्याशिवाय हा खेळ शिकवता येत नाही. पण एखादी मुलगी फार चांगली बसायला लागली, माझ्या तोंडाकडे बघून बसायला लागली, की मी तिला त्या दिवसापुरती घरी पाठवायचे. तिच्या घरच्यांना कारण सांगता यायचं नाही. मलाही नीट सांगता यायचं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्या वेळी माझं लग्न होऊन मी शीवला राहत होते. रोषणाई पाहायला म्हणून आम्ही दोघं संध्याकाळी गिरगावात गेलो. मी यजमानांना कोपऱ्यावर थांबायला सांगितलं आणि बाईंच्या घरचा जिना चढले. तीन वर्षांत गेले नव्हते. दार उघडलं ते इंदूच्या आईने.

इंदूचे वडील वारल्यावर ती गावी गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

"ये, सुमन," ती म्हणाली, जशी काही मी तिच्याच खोलीवर आले होते. "बाई आतच आसत."

बाईंची खोली मागच्या बाजूला होती. वहिनींनी त्यांना ती वेगळी काढून दिली होती. तिथे एक स्टोव्ह, दोन ताटल्या, दोन वळकट्या होत्या. बाई खिडकीशी उभ्या होत्या. वजन उतरलं होतं, केस पार पांढरे झाले होते. त्यांनी माझे गुडघे कसे आहेत ते विचारलं. मुलींबद्दल विचारलं. इंदूबद्दल त्या खोलीत कुणी काही बोललं नाही. इंदूच्या आईने आम्हा तिघींना चहा केला. कोण कुणाकडे आलं, कुणी कुणाला बोलावलं, हे मी विचारलं नाही. बाईंच्या कपात साखर किती घालायची ते तिला न विचारता ठाऊक होतं.

खालून लेझमीचा आवाज येत होता. रस्ताभर दिवे लागले होते, माणसांचे लोंढे चालले होते. इंदूची आई खिडकीतून वाकून बघत होती.

"येकदा खाली जावन् बघूया," ती म्हणाली.

"तू सुमनबरोबर जा," बाई म्हणाल्या. "मी नाही. माणसं फार आहेत."

"तुम्ही येवा."

"मला नाही जमायचं ते."

इंदूच्या आईने खुंटीवरची बाईंची शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली आणि त्यांचं मनगट धरलं. "चला," ती म्हणाली. "मी आसय मा."

आम्ही तिघी जिना उतरलो. रस्त्यावर पाय ठेवायच्या आधी बाई उंबऱ्यावर थांबल्या. मोकळ्या हाताने त्यांनी दाराची चौकट धरून ठेवली होती. समोरून एक मोठा जमाव वाजतगाजत येत होता. मी म्हणणार होते, राहू द्या, परत वर जाऊ. पण इंदूची आई मनगट न सोडता उतरली आणि तिच्यामागे बाई उतरल्या. मला यजमानांकडे वळायचं होतं. मी वळून पाहिलं तेव्हा लोंढ्यात बाईंचं पांढरं डोकं दिसत होतं, इतरांपेक्षा थोडं उंच, खाली वाकलेलं. एकदा दिसेनासं झालं, पुन्हा वर आलं. मग दिव्यांच्या कमानीखालून जमाव वळला आणि त्याच्याबरोबर त्या दोघी वळल्या.